प्रीमियर पद्मिनी : यांत्रिक बिघाड व निदान

प्रीमियर पद्मिनी ही प्रीमियर ऑटोमोबाइल्स लिमिटेड या कंपनीने मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात तयार केलेली चार दरवाज्यांची कौटुंबिक मोटारगाडी होय. इटलीतील फियाट कंपनीच्या ११०० या गाडीच्या आराखड्यावर ती आधारलेली असल्यामुळे बोलीभाषेत ती आजही ‘फियाट’ म्हणूनच ओळखली जाते. तिचे उत्पादन थांबून दोन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. त्यामुळे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक पद्मिनी ही जुनी गाडी असून तिच्यात उद्भवणारे बहुतेक बिघाड वयोमानाशी निगडित असतात. या बिघाडांची कारणे, लक्षणे व निदानाच्या पद्धती यांचे वर्णन प्रस्तुत लेखात केले आहे. यातील बरीचशी तत्त्वे कार्ब्युरेटर असलेल्या अन्य जुन्या मोटारगाड्यांनाही लागू पडतात.

पार्श्वभूमी

प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये केली. फियाट कंपनीशी झालेल्या करारानुसार तेथे फियाट ११०० मालिकेतील गाड्या तयार होऊ लागल्या. १९७४ पासून या गाडीस चितोडच्या राणी पद्मिनीवरून ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. परवाना पद्धतीच्या काळात गाडी घेऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांपुढे पद्मिनी व हिंदुस्तान ॲम्बॅसेडर हेच प्रमुख पर्याय होते. मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून पद्मिनी अनेक दशके धावली. मुंबईत टॅक्सीसाठी २० वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे, २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली.

रचना

पद्मिनीचे पेट्रोल इंजिन चार सिलिंडरांचे, १,०८९ घन सेंटीमीटर क्षमतेचे व सुमारे ४० अश्वशक्तीचे आहे. इंजिनाचा ठोकळा बिडाचा, तर वरचा भाग (हेड) ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. इंधनपुरवठा यांत्रिक पंप व कार्ब्युरेटर यांच्या साहाय्याने होतो. इंजिन पुढे असून चलनशक्ती मागील चाकांना मिळते. बहुसंख्य गाड्यांत चार गतींच्या गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर असतो. नंतरच्या काही आवृत्त्यांत तो खाली तळावर आला. पुढील चाकांना स्प्रिंग, मागील आसास पाटे व चारही चाकांना ड्रम ब्रेक अशी व्यवस्था असते. गाडीला वेगळी चौकट (चासी) नसून पत्र्याचा सांगाडाच सर्व भार पेलतो. इंजिनात संगणकीय नियंत्रण नसल्याने बहुतांश दोष डोळ्यांनी, कानांनी व साध्या उपकरणांनी शोधता येतात.

वयोमानाचे परिणाम

जुन्या गाडीतील झीज केवळ कापलेल्या अंतरावर अवलंबून नसते. वर्षानुवर्षे उभी राहिलेली गाडीही आतून खराब होते. वयाचा परिणाम मुख्यतः चार प्रकारे होतो.

* रबर कडक होऊन चिरते. नळ्या, ब्रेकमधील रबरी वायसर, इंधनपंपाचा पडदा, टायर व बुश हे सर्व यात मोडतात.
* विद्युत जोडण्यांवर गंज व क्षार साचून विद्युतप्रवाहाला होणारा रोध वाढतो.
* हलत्या भागांतील मोकळीक वाढते. त्यामुळे आवाज, कंप व तेलगळती सुरू होते.
* पत्रा, इंधनाची टाकी व पाण्याचे मार्ग गंजतात आणि सुटलेला गंज पुढे जाऊन अडथळे निर्माण करतो.

निदानाचे तत्त्व

लक्षण व कारण यांत फरक करणे हे निदानाचे पहिले सूत्र मानले जाते. ‘गाडी गरम होते’ हे लक्षण आहे. त्यामागे सैल पट्टा, तुंबलेला रेडिएटर, चुकलेले टायमिंग किंवा अडकलेला ब्रेक यांपैकी काहीही असू शकते. कारण न शोधता सुटे भाग बदलत गेल्यास खर्च वाढतो आणि मूळ दोष तसाच राहतो. म्हणून सोपी, बिनखर्चाची तपासणी आधी व उघडझाप करावी लागणारी तपासणी नंतर, हा क्रम पाळला जातो. एका वेळी एकच बदल करून त्याचा परिणाम पाहणे हेही तितकेच महत्त्वाचे असते. दोन गोष्टी एकदम बदलल्यास दोष कशामुळे गेला, हे कळत नाही.

दुसरे सूत्र प्राधान्याचे आहे. गाडी सुरू न होणे ही गैरसोय आहे. चालती गाडी न थांबणे हा जिवाला धोका आहे. इंजिनातील दोष आवाज, धूर व धक्के यांतून स्वतःची जाणीव करून देतात, त्यामुळे त्यांवर खर्चही लवकर होतो. ब्रेक, स्टिअरिंग, टायर व सांगाडा यांतील दोष मात्र बहुधा शेवटच्या क्षणापर्यंत मूक राहतात. त्यामुळे जुन्या गाडीच्या तपासणीत त्यांना पहिले स्थान देणे आवश्यक असते.

इंजिन सुरू न होणे

पेट्रोल इंजिन चालण्यासाठी योग्य वेळी ठिणगी, हवा व इंधन यांचे योग्य मिश्रण आणि सिलिंडरमध्ये पुरेसा दाब या तीन गोष्टी लागतात. त्याआधी स्टार्टरने इंजिन पुरेशा वेगाने फिरवणे आवश्यक असते.

स्टार्टर न फिरणे : पुढील दिवे लावून स्टार्टर फिरवण्याचा प्रयत्न केल्यास दोषाची दिशा समजते. दिवे एकदम मंदावले, तर बॅटरी उतरलेली असते किंवा तिच्या टोकांवरील जोडणी सैल अथवा क्षारयुक्त असते. दिवे प्रखरच राहिले व स्टार्टर हललाच नाही, तर दोष स्विचमध्ये, त्याच्या तारेत किंवा स्टार्टरमध्ये असतो. इंजिन व सांगाडा यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजल्यासही नवी बॅटरी निकामी असल्यासारखी वागते.

ठिणगी नसणे : जुन्या पद्मिनीत कॉइल, कंडेन्सर, कॉन्टॅक्ट पॉइंट व ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर (गॅरेजच्या भाषेत ‘डेल्को’) अशी प्रज्वलन व्यवस्था असते. पॉइंट जळालेले असणे किंवा त्यांतील फट बिघडणे हे ठिणगी मंदावण्याचे सर्वांत नित्याचे कारण आहे. नवे पॉइंट थोड्याच दिवसांत पुन्हा जळत असतील, तर कंडेन्सरचा संशय घेतला जातो. गार असताना व्यवस्थित चालणारी व तापल्यावर बंद पडणारी गाडी काही वेळाने आपोआप सुरू होत असेल, तर कॉइल तपासली जाते. पावसाळ्यात डेल्कोच्या टोपीत व प्लगच्या तारांवर ओल धरल्याने ठिणगी भलतीकडे उडते. अशा वेळी टोपी उघडून कोरड्या फडक्याने पुसल्यास गाडी सुरू होते. टोपीला बारीक तडा असल्यास मात्र ती बदलावीच लागते.

इंधन न पोहोचणे : टाकीत पेट्रोल असूनही कार्ब्युरेटरपर्यंत ते येत नसेल, तर नळी, गाळणी व पंप क्रमाने तपासतात. टाकीतील गंज तळाशी बसलेला असल्याने पेट्रोल कमी असताना गाळणी तुंबण्याचे प्रमाण वाढते. टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजल्यास टाकीत पोकळी निर्माण होते. मग गाडी काही किलोमीटर चालून बंद पडते व झाकण उघडताच पुन्हा सुरू होते. इंधनपंपाचा रबरी पडदा फाटल्यास पेट्रोल इंजिनाच्या तेलात मिसळू शकते. तेलाला पेट्रोलचा वास येत असल्यास व त्याची पातळी वाढलेली दिसल्यास इंजिन न चालवता आधी पंप दुरुस्त करून तेल बदलणे गरजेचे असते.

वाफेचा अडथळा : भर उन्हाळ्यात, विशेषतः वाहतूककोंडीत किंवा घाट चढताना, तापलेल्या इंजिनाजवळील नळीत व पंपात पेट्रोलची वाफ होते. द्रव खेचण्यासाठी असलेल्या पंपाला ही वाफ ओढता येत नाही आणि गाडी बंद पडते. पंपावर ओले फडके ठेवून तो निववण्याचा उपाय टॅक्सीचालकांत सर्वपरिचित होता. इंधनाची नळी एक्झॉस्टपासून दूर बसवणे व शीतक यंत्रणा सुस्थितीत ठेवणे हे त्यावरील कायमचे उपाय होत.

इंधनविषयक कोणतीही तपासणी करताना जवळ ज्योत, विडी-सिगारेट किंवा उघडी ठिणगी असू नये.

इंजिन गरम होणे

पद्मिनीच्या इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे असल्यामुळे अतितापणे हा विशेष गंभीर दोष ठरतो. बीड व ॲल्युमिनियम उष्णतेने सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. तापमान मर्यादेबाहेर गेल्यास हेड वाकते, मधले गॅस्केट फुटते आणि पाणी, तेल व जळालेले वायू एकमेकांच्या मार्गात शिरतात. तापमापकाचा काटा चढत असतानाही ‘आता पोहोचलोच’ म्हणून केलेला थोडासा प्रवास अनेकदा संपूर्ण इंजिन उघडण्यास कारण ठरतो.

गाडी तापल्याचे लक्षात येताच ती बाजूस उभी करून इंजिन बंद केले जाते. रेडिएटरचे झाकण लगेच उघडणे अत्यंत धोकादायक असते. झाकणामुळे आतील पाणी दाबाखाली असते व त्याचा उत्कलनबिंदू वाढलेला असतो. दाब एकाएकी सुटताच उकळते पाणी व वाफ बाहेर उसळून चेहरा व हात गंभीरपणे भाजू शकतात. इंजिन पूर्ण निवल्यावरच झाकण उघडतात. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतल्यास धातूला तडा जाण्याची शक्यता असते.

कारणांचा शोध पुढील क्रमाने घेतला जातो : पाण्याची पातळी, नळ्या व पाण्याच्या पंपाची गळती, पंख्याच्या पट्ट्याचा ताण, थर्मोस्टॅट, रेडिएटरमधील तुंबलेल्या नलिका, प्रज्वलनाचे टायमिंग, चाकाला चिकटून राहणारा ब्रेक व शेवटी हेड गॅस्केट. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणे, बाहेर गळती नसताना पाणी कमी होणे किंवा तेल दुधाळ होणे ही गॅस्केट गेल्याची चिन्हे आहेत.

दोन प्रचलित सवयी या दोषास खतपाणी घालतात. पहिली म्हणजे थर्मोस्टॅट कायमचा काढून टाकणे. त्यामुळे इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, पेट्रोल जास्त लागते व सिलिंडरची झीज वाढते. तुंबलेला रेडिएटर मात्र तसाच राहतो. दुसरी म्हणजे विहिरीचे किंवा कूपनलिकेचे जड पाणी भरणे. त्यातील क्षार नलिकांत थर धरतात. गंजरोधक शीतक व क्षारविरहित पाणी यांचे मिश्रण वापरल्यास हा प्रश्न बराच कमी होतो.

धूर, तेल व दाब

एक्झॉस्टमधील धुराचा रंग दोषाची दिशा दाखवतो. निळसर धूर तेल जळत असल्याचे लक्षण आहे. रात्रभर उभी गाडी सुरू करताना थोडा वेळ निळा धूर येत असेल, तर झडपांच्या मार्गिका झिजलेल्या असण्याची शक्यता असते. गाडी जोर घेताना तो सतत येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा व सिलिंडर यांची झीज संभवते. काळा धूर पेट्रोलचे प्रमाण जास्त असल्याचे दर्शवतो. अडकलेला चोक, तुंबलेली हवेची गाळणी किंवा कार्ब्युरेटरमधील सदोष फ्लोट ही त्याची कारणे असतात. इंजिन तापल्यावरही टिकणारा पांढरा धूर सिलिंडरमध्ये पाणी जात असल्याचे सुचवतो. थंडीच्या सकाळी सुरुवातीस दिसणारी पांढरी वाफ मात्र स्वाभाविक असते.

इंजिन उघडण्यापूर्वी चारही सिलिंडरांतील दाब मापकाने मोजला जातो. एखाद्या सिलिंडरचा दाब इतरांपेक्षा बराच कमी असल्यास त्यात थोडे तेल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर दोष रिंगांचा, न वाढला तर बहुधा झडपांचा असतो. शेजारच्या दोन सिलिंडरांत दाब सारखाच कमी असल्यास त्यांमधील गॅस्केट फुटल्याचा संशय येतो. ही काही मिनिटांची तपासणी अनेकदा अनावश्यक ‘बोअर’ व नव्या पिस्टनचा खर्च वाचवते.

तेलदाबाचा लाल दिवा चालत्या गाडीत लागल्यास इंजिन तत्काळ बंद करावे लागते. तेलाची पातळी योग्य असूनही दिवा लागत असल्यास दाबाचा स्विच, तेलपंप व बेअरिंगची झीज तपासली जाते.

क्लच, गिअर व आस

इंजिनाचा वेग वाढूनही गाडी जोर घेत नसेल, तर क्लच प्लेट झिजून घसरत असते. पेडल पूर्ण दाबूनही गिअर खरखर करत पडत असेल, तर क्लच नीट सुटत नसतो. स्टिअरिंगवरील गिअरदांड्याची हालचाल अनेक सांध्यांतून गिअरपेटीपर्यंत पोहोचते. या सांध्यांतील बुश झिजले की गिअर सापडत नाहीत किंवा दांडा अडकतो. हा दोष गिअरपेटीचा समजून ती उघडली जाते. प्रत्यक्षात बुश बदलून व सांध्यांची जुळणी करून तो दूर होतो. गाडी सुटताना किंवा मागे घेताना ‘टक्’ असा आवाज आल्यास प्रॉपेलर शाफ्टचे युनिव्हर्सल जॉइंट तपासतात. वेगासोबत वाढणारा मागील बाजूचा घुमणारा आवाज डिफरन्शियल किंवा चाकाच्या बेअरिंगकडे निर्देश करतो.

ब्रेक

पद्मिनीचे पायब्रेक हायड्रॉलिक आहेत. जुन्या गाड्यांत चारही चाकांसाठी तेलाचे एकच मंडल असल्याने एका ठिकाणची मोठी गळती सर्व चाकांचे ब्रेक निकामी करू शकते. अनेक जुन्या गाड्यांना लागू असलेली ही मर्यादा लक्षात घेता ब्रेकमधील कोणतेही लक्षण किरकोळ मानले जात नाही.

* पेडल खोल जाऊन दोन-तीनदा दाबल्यावर वर येणे : ब्रेक शू व ड्रम यांतील अंतर वाढलेले असते.
* पेडल मऊ, स्पंजासारखे लागणे : तेलात हवा शिरलेली असते.
* दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली जाणे : मास्टर सिलिंडरच्या वायसरांतून किंवा बाहेर कोठेतरी गळती असते.
* गाडी एका बाजूस ओढणे : एका चाकाचे लायनर तेलकट झालेले, व्हील सिलिंडर अडकलेला किंवा दोन बाजूंचे समायोजन असमान असते.
* एक चाक जास्त तापणे : रबरी नळी आतून फुगल्याने तेल परत येत नाही किंवा शू सुटत नाहीत.

ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषते. डॉट-३ प्रतीच्या कोऱ्या तेलाचा किमान उत्कलनबिंदू २०५° सेल्सियस असतो. ओल शोषलेल्या तेलासाठी ही मर्यादा १४०° सेल्सियसपर्यंत खाली येते. घाट उतरताना सतत ब्रेक दाबल्यास असे तेल उकळून त्यात वाफ होते व पेडल निकामी होते. म्हणून किमान दोन वर्षांनी तेल बदलणे व उतारावर खालच्या गिअरमध्ये गाडी चालवणे श्रेयस्कर असते. पाण्यातून गेल्यावर ड्रममधील लायनर भिजून ब्रेक कमजोर होतात. अशा वेळी मंद गतीने जाताना पेडल हलके दाबून ते वाळवले जातात.

चालत्या गाडीत ब्रेक गेल्यास पेडल वेगाने पुनःपुन्हा दाबणे, क्रमाने खालचे गिअर टाकणे व हातब्रेक हळूहळू ओढणे हे उपाय आहेत. हातब्रेक यांत्रिक असल्यामुळे तेलगळतीचा त्याच्यावर परिणाम होत नाही; मात्र त्यासाठी तो आधीपासून सुस्थितीत असावा लागतो. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्याने ड्रममधील धूळ हवेने उडवणे फुप्फुसांना घातक असते. ती ओल्या फडक्याने पुसतात.

स्टिअरिंग, चाके व सांगाडा

पुढील चाक जॅकने उचलून वर-खाली धरून हलवल्यास जाणवणारी मोकळीक किंगपिन किंवा चाकाच्या बेअरिंगमुळे असते. दुसऱ्या व्यक्तीने ब्रेक दाबताच ती नाहीशी झाली, तर दोष बेअरिंगचा समजला जातो. डावी-उजवीकडील मोकळीक टाय रॉडच्या सांध्यांची असते. या सांध्यांना ठरावीक काळाने ग्रीस देणे आवश्यक असते. टायरवरील खोबणी शाबूत दिसली, तरी रबर चिरलेले असू शकते. टायरच्या बाजूवर कोरलेल्या चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा व शेवटचे दोन वर्ष दर्शवतात. त्यावरून टायरचे खरे वय कळते.

वेगळी चासी नसल्यामुळे पद्मिनीच्या पत्र्यावरील गंज हा केवळ रूपाचा प्रश्न नसतो. तळाचा पत्रा, दरवाज्यांखालील पट्टे व पाटे जोडलेल्या जागा सडल्यास सांगाड्याचे बळच कमी होते. मुंबई व कोकण-गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत हा दोष लवकर बळावतो. पुट्टी व रंगाखाली झाकलेला गंज शोधण्यासाठी या जागा खालून टोकदार हत्याराने टोचून पाहतात. अशा ठिकाणी सडका भाग कापून नवा पत्रा वेल्डिंगने जोडणे हीच खरी दुरुस्ती होय.

इंधनातील बदलांचा परिणाम

पद्मिनीचा आराखडा शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातील आहे. भारतात फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. शिशाचा थर झडपांच्या बैठकींना संरक्षण देत असे. तो नाहीसा झाल्याने जुन्या इंजिनांत बैठका झिजून टॅपेटची फट कमी होऊ शकते. सीएनजीवर चालवलेल्या गाड्यांतही बैठकांची झीज जास्त होते व प्रज्वलन व्यवस्था अधिक सुस्थितीत लागते. सीएनजी टाकीची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करणे बंधनकारक आहे. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुन्या प्रकारचे रबर फुगते किंवा चिरते, तसेच इथेनॉल पाणी शोषत असल्याने उभ्या गाडीच्या टाकीत गंज वाढतो. त्यामुळे नळ्या व पंपाचे पडदे इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे बसवले जातात.

संक्षिप्त तक्ता

| लक्षण | संभाव्य कारण | पहिली तपासणी | गाडी चालवावी का |
|---|---|---|---|
| स्टार्टर मंद फिरणे | बॅटरी, सैल जोडणी | बॅटरीची टोके, अर्थिंग | होय, दुरुस्तीपर्यंत जपून |
| तापल्यावर बंद पडणे | वाफेचा अडथळा, कॉइल | ठिणगी व पेट्रोल | निवल्यावर |
| काटा लाल भागात | पाणी, पट्टा, रेडिएटर | निवल्यावर पातळी | नाही |
| तेलदाबाचा दिवा | तेल कमी, पंप, बेअरिंग | तेलाची पातळी | नाही |
| पेडल खाली जाणे | गळती, मास्टर सिलिंडर | ब्रेक तेल, चाकांची आतील बाजू | नाही |
| स्टिअरिंगमध्ये मोकळीक | किंगपिन, टाय रॉड | चाक उचलून हलवणे | नाही |

दुरुस्ती की निवृत्ती

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खासगी मोटारगाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते. त्यानंतर तपासणीत योग्य ठरलेल्या गाडीची नोंदणी पाच वर्षांसाठी नूतनीकृत करता येते. महाराष्ट्रात अशा गाडीस पर्यावरण करही भरावा लागतो. २०२१ मध्ये केंद्र शासनाने ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची तरतूद केली. पद्मिनी या नावाच्या सर्वांत जुन्या गाड्या २०२४ पासून या वयोमर्यादेत येऊ लागल्या.

इंजिन, गिअरपेटी व ब्रेक यांची दुरुस्ती सुटे भाग मिळेपर्यंत शक्य असते. सांगाडा सडल्यास मात्र खर्च गाडीच्या किमतीच्या कितीतरी पट होतो. त्यामुळे जुनी पद्मिनी घेताना किंवा राखताना इंजिनाच्या आवाजाआधी तिचा तळ व ब्रेक पाहणे इष्ट ठरते.

हेही पाहा

* हिंदुस्तान ॲम्बॅसेडर
* वालचंद हिराचंद
* कार्ब्युरेटर
* ड्रम ब्रेक
* काळी-पिवळी टॅक्सी